सहा बाणांचे सांधे

लाकडी बाण मोडतो तो नेमका टोकामागे, चार बोटांवर. शेपटीकडे नाही, मधोमधही नाही. हे ज्ञान मला ग्रंथांतून मिळालेलं नसून आमच्या दारामागच्या छत्र्यांच्या डब्यातून मिळालेलं आहे. त्या डब्यात गेल्या दीड वर्षात एक छत्री आणि सतरा मोडके बाण जमा झाले होते. बाण आमच्या हिचे. छत्री माझी.

ही शाळेत गणित शिकवते आणि शाळा सुटली की मैदानावर जाऊन लाकडी धनुष्याने बाण मारते. धनुष्य ताणून उभी राहिलेली आपली बायको ज्याने पाहिली नाही, त्याचं अर्धं लग्न व्हायचंच राहिलं, असं माझं मत आहे. मान सरळ, दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकलेली, आणि सगळं जग एका पिवळ्या ठिपक्याएवढं लहान झालेलं. वही तपासताना चूक सापडली की ती अशीच दिसते. फक्त तेव्हा ठिपक्याच्या जागी कुणीतरी पोर असतं आणि घरी असली की मी.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीला तिचे दोन बाण लक्ष्याच्या लाकडी खांबावर आपटून मोडले. नियम असा की सहा बाण हवेत, आणि सहाही वजनाला, लांबीला सारखे. तिच्याकडे चारच उरले. मग उरलेला दिवस ती मांडवात बसून इतरांना पाणी देत होती. घरी आली, चपला जागेवर ठेवल्या, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, भांडी आपटली असती, तर मला सोपं गेलं असतं. गप्प बसलेल्या माणसाची समजूत कुठून काढायला सुरुवात करायची?

यंदा स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना शेवटचा धड बाण मोडला. तयार बाण मागवावेत तर दोन महिने. ही इस्त्री करता करता म्हणाली, "जाऊ दे. यंदा नाव मागे घेते."

त्या वेळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते आमच्याकडे चहाला बसले होते. त्यांना सगळी इमारत 'सूतभर' म्हणते, कारण जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या मते सूतभर तिरकी आहे. त्यांनी आमच्या खिडकीकडे सूतभर नापसंतीने पाहिलं. इस्त्रीची वाफ वर चढत होती. आणि मी, ज्याने आयुष्यात एक खुंटीसुद्धा सरळ ठोकली नाही, तो मी म्हणालो, "नाव मागे घेऊ नकोस. बाण मी करून देतो."

"तुम्ही?" हिने इस्त्री उभी केली.

"मी."

"हातांनी?"

त्यातल्या 'हातांनी' या शब्दावर जो भार होता, तो पुढचे तीन आठवडे माझ्या उरावर होता.

तर, करायचं होतं ते असं. बाणाची काडी हलक्या लाकडाचीच ठेवायची, म्हणजे बाण उडतो छान. पण पुढचा वीतभर भाग कठीण लाकडाचा जोडायचा. काडीचं टोक पाचरीसारखं निमुळतं तासायचं, कठीण तुकड्याला तशीच खोल खाच पाडायची, पाचर खाचेत बसवायची, गोंद लावून आवळायची, आणि वाळल्यावर तासून दोन्ही लाकडं एकजीव गोल करायची. वाचायला एक मिनिट लागतं. मीही एका मिनिटातच वाचलं होतं.

"कोपऱ्यावरच्या सुताराला विचारा हो," सासूबाई म्हणाल्या. त्या आमच्याकडेच असतात, आणि त्यांना कशावरही दोन ओळी जुळवायची खोड आहे. मी म्हणालो, सुताराला विचारलं तर ते सुताराचे बाण होतील. त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या:

"जावई माझा कारागीर, हाती धरी करवत,
घर गेलं भुशानं हळूहळू भरत."

त्या वेळी घरात भुशाचा कणही नव्हता. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

हलक्या काड्या बाजारात मिळाल्या. कठीण लाकूड मात्र माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं पडून होतं. मी रेकॉर्ड विभागात आहे. आमच्या कपाटात रेघा मारायचे तीन जुने रूळ होते, गोल, काळसर, लोखंडासारखे जड. एका रुळाचे दोन तुकडे, म्हणजे तिनांत सहा बाण. गणित इतकं सुंदर जुळलं की मला हिला जाऊन सांगावंसं वाटलं. पण ते रूळ जडवस्तू नोंदवहीत 'रूळ, गोल, नग तीन' असे जिवंत होते, आणि सरकारदरबारी जिवंत असलेली वस्तू मारायला मोठी यातायात असते. मी रीतसर टिपणी लिहिली: रूळ निरुपयोगी, निर्लेखित करून अर्जदारास द्यावेत. टिपणी पाच टेबलं फिरून अभिप्रायासाठी माझ्याच टेबलावर आली. आणि एकतीस वर्षांच्या सवयीने, हात आपोआप चालतो तसा, मी तिच्यावर शेरा मारला: 'वस्तू निरुपयोगी असल्याचा पुरावा जोडलेला नाही. परत.'

स्वतःच्याच अर्जाला स्वतः काढलेल्या त्रुटीची पूर्तता करण्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की लोक आमच्या खिडकीशी येऊन असे का बघतात.

रूळ घरी आले. आता खाच. वीतभर तुकड्याला बरोबर मधोमध उभी खाच पाडायची तर तुकडा घट्ट धरायला हवा, आणि घरात शिकंजा नव्हता. सूतभरांनी घरभर दारं तपासली आणि निकाल दिला की एकट्या न्हाणीघराचं दार चौकटीत हवं तितकं घट्ट बसतं. "बाकीची दारं सूतभर ढिली आहेत." मी बिजागरीच्या बाजूच्या फटीत तुकडा घातला, दार ओढून घेतलं, तुकडा असा आवळला की काय सांगू! करवत चालू झाली. काळा भुसा मऊ पडत होता, लाकडाला जुन्या शाईचा वास येत होता, मी गुणगुणत होतो. अर्धी खाच झाल्यावर आतून दारावर टिचकी वाजली.

"जावईबापू, संपत आलं का?"

सासूबाई आत होत्या.

"आई, दार उघडलं तर तुकडा पडेल आणि खाच वाकडी जाईल!" मी म्हणालो.

"मग राहू दे. मी बसते स्टुलावर." मग आतून, पाण्याच्या बादलीचा घुमारा घेऊन आवाज आला:

"सरळ काप रे बाबा, नको करू घाई,
आत अडकली तुझ्या बायकोची आई."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. त्यांनी बाहेर येऊन खाच पाहिली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सरळ आलीय हो." मला इतकी मोठी शाबासकी ना शाळेत मिळाली, ना नोकरीत. पुढच्या पाच खाचांच्या वेळी त्या स्वतःच विचारायच्या, "आत जाऊन बसू का? माझ्या बसण्यानं सरळ येते."

पाचरी तासायला सूतभरांचा छोटा रंधा होता. दोन पट्ट्या शेजारी ठोकून मध्ये चर केला, त्यात काडी आडवी ठेवली आणि रंधा फिरवला. कागदासारख्या पातळ, गोल गोल ढलप्या निघाल्या. त्या फरशीवर अशा पसरल्या की ही शाळेतून आली ती दारातच थांबली, एक ढलपी उचलून तिने कानात डुलासारखी अडकवली, आणि आत गेली. त्या दिवशी मी जेवलो नसतो तरी चाललं असतं.

सुख असं चाललेलं असताना सूतभरांना कल्पना सुचली. काडी गुळगुळीत करायला हाताने कशाला घासायची? भोकं पाडायच्या यंत्रात तिचं एक टोक धरायचं, यंत्र चालू करायचं, बाजूने पॉलिशपेपर धरायचा, झालं. मी यंत्र धरलं, त्यांनी पेपर. एक जादा काडी प्रयोगाला घेतली होती. तिने तीन गिरक्या घेतल्या, चौथीला उड्या मारायच्या दोरीसारखी फुगली, आणि यंत्रातून सुटून खिडकीबाहेर गेली.

खाली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाडांना पाणी घालत होते. काडी त्यांच्यापासून दोन हातांवर कुंडीत उभी रोवली गेली. त्यांनी वर पाहिलं. आम्ही आत पाहिलं.

तासाभरात नोटीस आली: 'आपल्या सदनिकेत शस्त्रनिर्मिती चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.' मी ती परत पाठवली, कारण तिच्यावर जावक क्रमांक नव्हता. ते क्रमांक घालून घेऊन आले. मी म्हटलं, दिनांक? ते दिनांक घालून आले. मी म्हटलं, सदनिकेचा क्रमांक चुकलाय. तिसऱ्या फेरीला ते दमून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नक्की करताय तरी काय तुम्ही?"

मी दाखवलं. पाचर खाचेत बसवून दाखवली. त्यांनी ती काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. "हं," ते म्हणाले. मग बाह्या सरसावल्या. "घासायचं काम आहे का काही? बसतो तेवढा." नोटीस त्यांच्याच मांडीखाली होती. तिच्यावर पडलेला भुसा त्यांनी दोनदा झटकला आणि शेवटी तीच भुसा भरायला वापरली.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. ती सांगताना आजही माझे कान तापतात.

हाताने केलेली कोणतीही पाचर दुसरीसारखी नसते. एक नंबरची पाचर एक नंबरच्याच खाचेत बसणार. म्हणून मी सगळ्यांवर आकडे घालायचं ठरवलं. पण घालायचे कुठे? बाहेरून लिहिलं तर गोल करताना रंध्याखाली जाणार. रेकॉर्ड विभागातल्या माणसाला नष्ट होणारी नोंद बघवत नाही. मग मला तोड सुचली, आणि त्या क्षणी मी स्वतःवर इतका खूश झालो की उठून पाणी प्यायलो. मी टिपणीच्या पातळ कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर 'जोड क्र. १/६' असं, दिनांक आणि सही. आणि त्या सांध्याच्या आत ठेवल्या. पाचरीच्या दोन्ही अंगांना गोंद, त्यावर दोन्हीकडून दुमडून चिठ्ठी, त्यावर पुन्हा गोंद, मग खाच. नोंद कायमची सुरक्षित! वरून फायलीच्या लाल नाडीने आवळून बांधलं. सहा बाण शेल्फावर असे उभे होते, जणू निकालाला आलेली सहा प्रकरणं.

ते वाळले, तासले, गोल झाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहाही सारखे भरले. पिसं हिने स्वतः चिकटवली. फिक्या काडीतून काळं लाकूड दोन बाजूंनी निमुळतं होत वर चढलेलं, जशी संध्याकाळ उजेडात शिरते. हिने एक बाण डोळ्यासमोर धरून पाहिला, बराच वेळ. "सरळ आहे हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळा होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता मैदानावर साहित्याची तपासणी होती. टेबलामागे पंच, उंच, मिशाळ, मितभाषी. त्यांची रीत अशी की प्रत्येक बाण दोन हातांत धरून किंचित वाकवायचा आणि कानाशी नेऊन ऐकायचं. चीर असेल तर लाकूड बोलतं म्हणे.

पहिला बाण बोलला. "टक्" असं स्पष्ट बोलला. सांधा उघडून दोन भाग झाले, आणि पाचरीला चिकटलेली चिठ्ठी उघडी पडली. पंचांनी चष्मा लावून मोठ्यांदा वाचलं, "जोड क्रमांक एक भागिले सहा. ही सही कुणाची?"

मागे रांग होती. "माझी," मी म्हणालो.

दुसरा वाकवला. टक्. "जोड क्रमांक दोन भागिले सहा." तिसऱ्यापासून रांगेतले लोकच आकडे म्हणू लागले. सहाव्या चिठ्ठीपर्यंत मला वाटत होतं की जमीन दुभंगावी आणि तीही अशीच स्वच्छ, मधोमध.

"पाच वाजेपर्यंत दुरुस्त करून आणलेत तर बघतो," पंच म्हणाले. "नाहीतर नाव काढावं लागेल."

मी हिच्याकडे पाहिलं. ती बारा तुकडे गोळा करत होती, गेल्या वर्षीसारखीच गप्प. एवढं पुरे झालं. तुकडे घेऊन मी सरळ कोपऱ्यावरच्या सुताराच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "मला काही येत नाही. सांगा."

सुताराने सांधा पाहिला, मग चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं. "साहेब, मधे कागद घातलात?"

"नोंद म्हणून."

त्याने पटाशी खाली ठेवली आणि खांद्यांपासून हसला. "अहो, आम्ही कागद कधी घालतो माहितीय? दोन लाकडं तात्पुरती चिकटवायची आणि नंतर अलगद सोडवायची असली की! तुम्ही कायमच्या सांध्याला सुटायची सोय करून ठेवलीत." मग पाचरीवरून अंगठा फिरवत तो थांबला. "पण एक सांगू? पाचरी झकास आहेत. कागद होता म्हणून तर न चिरता सुटल्या. खरवडा, हा गोंद घ्या, चार तासांत पकडतो. आणि मधे काही घालू नका. सहीसुद्धा नाही."

नऊ वाजले होते. घरी सगळे कामाला लागले. सेक्रेटरी आणि सूतभर कागद खरवडत होते, सासूबाई नाड्यांचा गुंता सोडवत होत्या. हिने बाह्या खोचल्या आणि माझ्यासमोर बसली. मी हातातल्या पाचरीकडे बघत नुसता थबकलो होतो. खरवडून सगळे आकडे गेले होते.

"आता कळणार कसं कुठली कुठे?" मी म्हणालो.

"बसवून बघायचं. बसली की कळतं."

"आणि चुकलं तर?"

तिने माझ्या हातातली पाचर घेतली, एका खाचेत घालून पाहिली, काढली, दुसरीत घातली. ती आत सरकली आणि कुठे संपली ते दिसेना. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आपल्या मधे कुठे चिठ्ठी घातली होतीत? बसलोच ना?"

सूतभरांनी ताबडतोब खिडकीबाहेर पाहिलं. सासूबाईंना दोन ओळी सुचल्या होत्या, पण त्यांनी त्या तशाच गिळल्या.

अकराच्या आत सहाही आवळून गच्चीवर उन्हात ठेवले. सेक्रेटरींनी गच्चीवर सगळ्यांना मनाई केली, तोंडी, जावक क्रमांकाशिवाय. तीन वाजता नाड्या सोडल्या, साडेचारपर्यंत सांध्यावरचा जादा गोंद तासला, घासला. पाचला दहा कमी असताना आमची वरात मैदानात शिरली. मी मागे, सर्वांच्या मागे.

पंचांनी पहिला बाण वाकवला आणि कानाशी नेला. काही नाही. जास्त वाकवला. काही नाही. सहाही बाण मुके निघाले. मुकेपणा इतका गोड असतो हे मला त्या दिवशी कळलं. फॉर्मवर 'बाण कोणी बनवले' असा एक रकाना होता. हिने माझ्याकडे न बघता तिथे सुवाच्य अक्षरात माझं नाव घातलं आणि खाली रेघ ओढली.

रविवारी तिने पाण्याच्या मडक्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथ्या फेरीअखेर ती पुढे होती, आणि मी कुणाच्या तरी काकांचा हात धरून उभा होतो, कुणाच्या ते अजून माहीत नाही. शेवटच्या बाणाला वारा सुटला. बाण पिवळा ठिपका सोडून, लाल सोडून, सरळ लक्ष्याच्या लाकडी खांबावर जाऊन धडकला. असा आवाज आला की मांडवातले लोक उठून उभे राहिले. गुण शून्य. पहिला नंबर गेला, दुसराही गेला.

ही मात्र धनुष्य तिथेच टाकून धावत सुटली. सत्तर पावलं, पदर सावरायचंही भान नाही. खांबाशी वाकली, बाणावरून हात फिरवला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात ओरडली, "अहो! मोडला नाही!"

बाण ओढून काढायला तिघे लागले. निघाला तेव्हा तिघेही मागे गवतावर पडले. टोकाशी ओरखडासुद्धा नव्हता. तिसरा नंबर मिळाला आणि ती दिवसभर पहिल्या नंबरासारखी हसत होती.

बुधवारी स्पर्धा भरवणाऱ्या क्लबकडून पत्र आलं, माझ्या नावाने, 'बाण बनवणारे' असा हुद्दा घालून. लक्ष्याच्या खांबाला उभी चीर गेल्याबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. जावक क्रमांक होता, दिनांक होता, काही म्हणजे काही त्रुटी नव्हती. एकतीस वर्षं मी लोकांकडून खुलासे मागवले. स्वतःहून, आनंदाने, हिला शेजारी बसवून लिहिलेला हा पहिलाच. दोनच वाक्यं लिहिली:

'खांबास चीर गेली हे खरे आहे. सांधा पक्का होता, सबब.'